क्लच गेला म्हणण्याआधी फूटपट्टी काढा

माझ्या गाडीच्या डिकीत जॅक, पाना आणि स्टेपनीच्या जोडीला एक लाकडी फूटपट्टी असते. शाळेतली आहे, निवृत्त होताना वह्यांच्या गठ्ठ्यात चुकून माझ्याबरोबर घरी आली. तीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं, घर्षणाचा धडा तर पुस्तक न उघडता घ्यायचे. आणि त्याच घर्षणानं मला दोनदा मामा बनवलं. पहिल्यांदा चांगला क्लच बदलून घेतला. दुसऱ्यांदा तो खरोखर संपला होता, तेव्हा ‘अजून चालेल की’ म्हणत कुंभार्ली घाटात शिरले.

मी राहते चिपळूणला, माहेर कराडचं, मधे हाच कुंभार्ली घाट. गाडी 2005 ची मारुती 800, चार गिअरची, केबलवर चालणाऱ्या क्लचची. आल्टो, जुनी वॅगन आर यांचाही क्लच केबलवरच चालतो, त्यामुळे पुढचं बरंचसं तिथेही लागू पडेल.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. इंजिनाबरोबर फ्लायव्हील सतत फिरत असतं. गिअरबॉक्समधून एक शाफ्ट बाहेर येतो, त्यावर क्लच प्लेट बसते. ही एक गोल तबकडी, दोन्ही अंगांना ब्रेकच्या लायनरसारखं अस्तर रिव्हेट मारून बसवलेलं. तिच्या मागची प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते. या दाबामागे चकतीच्या आकाराची स्प्रिंग असते आणि मध्यभागी तिची बोटं. मेस्त्री त्यांना फिंगर म्हणतात. आपण पेडल दाबलं की केबल खेचली जाते, रिलीज बेअरिंग त्या बोटांवर जाऊन रेटतं आणि पकड सुटते. म्हणजे पाय बाजूला असतो तेव्हा क्लच धरलेला असतो, पाय दिला की सुटतो. हे उलटं लक्षात ठेवणारे खूप भेटतात, आणि पेडलवर पाय ‘नुसता टेकवून’ चालवणारे हेच. त्यांचा क्लच दिवसभर अर्धवट सुटलेला असतो.

आता फूटपट्टी. इंजिन बंद करा, चप्पल बाजूला काढा, वाका आणि पेडल हातानं दाबा. पायानं नाही, पायाला तेवढं कळत नाही. सुरुवातीला पेडल अगदी सहज, रिकामं खाली जातं. मग एका जागी जड लागतं. त्या रिकाम्या हालचालीला प्ले म्हणतात. पट्टी तळाला टेकवून उभी धरा, पेडल मोकळं असतानाचा आकडा बघा, जड लागतं तिथला बघा आणि वजाबाकी करा. माझ्या गाडीला साधारण दोन सेंटिमीटर लागतो. तुमच्या गाडीचा आकडा मालकाच्या पुस्तिकेत असेल. हे मोजताना पायाखालची रबरी मॅट बाहेर काढून ठेवा. मॅटची घडी पेडलखाली सरकल्यामुळे पेडल पूर्ण दबत नाही, गिअर कुरकुरतो आणि माणूस थेट गॅरेजला जातो, असंही पाहिलंय.

हा प्ले घिसाईबरोबर वाढतो असं बहुतेकांना वाटतं. होतं उलटंच. प्लेट झिजली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, स्प्रिंगची बोटं बेअरिंगच्या दिशेनं बाहेर येतात आणि प्ले कमी होत जातो. पेडल सुटायची जागाही हळूहळू वर येते. पूर्वी पेडल निम्म्यावर आलं की गाडी हलायची, आता पाय जवळजवळ पूर्ण उचलल्यावर हलते. दुसरीकडे केबल जुनी होऊन ताणली जाते, तिच्यामुळे प्ले वाढतो. दोघांची ओढाताण चालू असते, म्हणून एकदा मोजून काही सिद्ध होत नाही. मी दर दोन महिन्यांनी मोजते आणि पेट्रोलच्या वहीत लिहिते.

2016 साली मला हे ठाऊक नव्हतं. रिव्हर्स टाकताना आवाज यायला लागला म्हणून एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या मुलानं बॉनेट उघडून केबलचा नट चांगला आवळून दिला. आवाज बंद, मी खूश. महिन्याभरात चढावर गाडी ओढेना. इंजिनाचा आवाज वाढायचा, वेग नाही. पुन्हा तिथेच गेले. उत्तर आलं, “क्लच गेला, सेट टाकावा लागेल.” टाकला. जुनी प्लेट मागून घरी आणली होती, का ते मलाच सांगता येणार नाही. वर्षभरानं माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतःचं गॅरेज चालवतो, घरी आला होता. त्यानं ती प्लेट हातात घेतली, रिव्हेटच्या खड्ड्यात नख घालून पाहिलं आणि म्हणाला, “बाई, ही अजून निम्मी शिल्लक आहे. तुम्हाला क्लच नव्हे, प्ले हवा होता.”

झालं असं की नट आवळून आवळून प्ले शून्यावर आला होता. बेअरिंग बोटांवर कायम दाबून बसलेलं, म्हणजे माझा पाय नसतानाही क्लच थोडा सुटलेलाच. मग तो घसरणारच. नट अर्धा-पाऊण सेंटिमीटर ढिला केला असता तर पाच मिनिटांत भागलं असतं.

म्हणून गाडी ओढत नाही असं वाटलं तर सगळ्यात आधी प्ले बघा. मारुती 800 मध्ये बॉनेट उघडलं की गिअरबॉक्सवर एक छोटा दांडा दिसतो. केबलचं आट्याचं टोक त्यातून बाहेर येतं आणि त्यावर नट असतो. नट ढिला केला की प्ले वाढतो, आवळला की कमी होतो. एका वेळी एकच फेरा द्या, पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पुन्हा पट्टी लावा. नट पार टोकापर्यंत ढिला झाला तरी प्ले येत नसेल, तर प्लेटचे दिवस भरलेत.

प्ले बरोबर असूनही शंका असेल तर रस्त्यावर परीक्षा घ्या. मोकळा सपाट रस्ता, वेग चाळीसच्या आसपास, चौथा गिअर, आणि ॲक्सिलरेटर एकदम खाली दाबा. चांगला क्लच असेल तर गाडी कण्हत कण्हत का होईना वेग घेते, इंजिनाचा आवाज वेगाच्या बरोबरीनं चढतो. क्लच स्लिप मारत असेल तर आवाज मिक्सरसारखा उंच जातो आणि गाडी आहे तिथेच. चौथाच गिअर का? कारण चाकाला तेवढाच जोर द्यायला वरच्या गिअरमध्ये क्लचमधून जास्त पीळ जावा लागतो. पकड सुटायला लागली की ती आधी वरच्या गिअरला दगा देते, पहिल्या-दुसऱ्याला बरीच उशिरा. गावातल्या गावात पहिल्या-दुसऱ्यावर फिरणाऱ्याला म्हणूनच महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

बरेच जण दुसरी परीक्षा सांगतात: गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, तिसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक. ही मला अर्धवट वाटते. बंद पडलं नाही तर क्लच नक्की गेलाय, हे खरं. पण नुसत्या चालू इंजिनाचा जोर फार थोडा असतो, तेवढा जोर अर्धमेली प्लेटही धरून ठेवते. बंद पडलं म्हणून निश्चिंत होऊ नका. आणि करायचीच तर एकदाच करा. चारदा करून बघणारे त्याच परीक्षेत प्लेट जाळतात.

सगळ्या तक्रारी घसरण्याच्या नसतात. उलट तक्रार म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल तळाला असूनही पहिला गिअर अडतो, रिव्हर्सला खर्रकन आवाज येतो. पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरी आवाज आला तर प्ले फार वाढलाय, केबलचे धागे तुटत आलेत, किंवा प्लेट अडकलीय. केबल तुटायला आली की पेडल जड आणि खरखरीत लागतं. ती काही शे रुपयांची वस्तू आहे. वंगण घालून आयुष्य वाढवायच्या भानगडीत न पडता बदलून टाकावी.

प्लेट अडकण्याचा प्रकार आम्ही चिपळूणकरांनी 22 जुलै 2021 च्या पुरानंतर भरपूर पाहिला. क्लचच्या घरात गाळाचं पाणी शिरलं, गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या आणि प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली. शेजाऱ्यांच्या गाडीचं इंजिन साफ होऊन सुरू झालं, पण गिअर पडेना. मेस्त्रींनी ती मोकळ्या मैदानात नेली, इंजिन तापवून बंद केलं, दुसरा गिअर टाकला, क्लच पूर्ण दाबून धरला आणि स्टार्टर मारला. गाडी दोन हिसके देत पुढे गेली, त्यांनी पेडल न सोडता एकदा रेस, एकदा ब्रेक असं केलं आणि कट्‌कन आवाज होऊन प्लेट सुटली. समोर भिंत, माणूस, गुरं काही असेल तर हा प्रयोग करायचा नाही, आणि दोन प्रयत्नांत सुटली नाही तर गिअरबॉक्स उतरवायचाच. त्यांचाही पुढे उतरवावाच लागला. गाळ प्यालेलं अस्तर किती टिकणार? नेहमीच्या पावसाळ्यात मात्र सकाळी पहिल्यांदा गाडी उचलताना थरथरते, एवढ्याला घाबरू नका. रात्रभराच्या दमटपणानं फ्लायव्हीलवर गंजाची बारीक साय येते, दोन-चार वेळा क्लच सोडला की ती निघून जाते.

थरथर दिवसभर राहिली तर मात्र प्लेटला तेल लागलंय का ते बघायला हवं. इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सील गळालं की तेल थेट तिथे पोचतं. कधी कधी क्लच निर्दोष असतो आणि इंजिनाचं रबरी माउंटिंग तुटलेलं असतं. माउंटिंग बाहेरून दिसतं, तेव्हा ते आधी तपासायला सांगा.

आवाजाचं गणित सोपं आहे. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला. पेडलवर हलका दाब दिला की रातकिड्यासारखी चिरचिर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग. उलट पाय मोकळा असताना घरघर आणि पेडल दाबल्यावर शांतता, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग, म्हणजे क्लचवाल्या बिलापेक्षा वेगळं आणि मोठं बिल.

हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या गाडीत हे पट्टीचं काम फारसं चालत नाही. तिथे झीज आपोआप भरून निघते, पेडल काही बोलत नाही. पेडल मऊ पडलं किंवा खालीच राहायला लागलं तर द्रवाची पातळी आणि गळती बघा. रस्त्यावरची चौथ्या गिअरची परीक्षा मात्र तिथेही तितकीच खरी.

आता घाट. 2023 चा जून. भाचा आदल्या सुट्टीत माझ्याच गाडीवर चालवायला शिकला होता, शिवाय चिपळूणच्या बहादूरशेख नाक्याला उड्डाणपुलाच्या कामामुळे रोज हाफ क्लचवर मुंगीच्या चालीनं सरकणं चाललंच होतं. वहीत प्ले घटत गेलेला दिसत होता: 20 मिलिमीटर, 15, 9. प्रत्येक वेळी मी नट ढिला केला आणि शेवटी आटे संपले. याचा अर्थ मलाच कळायला हवा होता. पण आईकडे जायचं ठरलेलं, मागे चार फणस, तांदळाचं पोतं आणि दोन बहिणी.

घाटाच्या पायथ्याची पोफळी मागे पडली, चढ लागला, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळायला लागलं. वेग पंधरावर. मग वास आला. जळका, तिखट, घशात बसणारा. ब्रेक तापल्यावर येतो तसाच. मागे टँकर हॉर्न देतोय. जागा मिळाली तिथे कडेला घेतलं, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकत ठेवले. कराडहून भाऊ फोनवर, “ताई, एसी बंद कर आणि हळूहळू ये.” त्याही अवस्थेत मी त्याला समजावलं, की एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरून परस्पर फिरतो, त्याचा पीळ क्लचमधून जातच नाही. एसी बंद केला तर इंजिनाला बरं वाटेल, क्लचला काही फरक पडणार नाही. क्लचला फरक पडतो तो वजनानं आणि चढानं. तो म्हणाला, “बरं, बरं, तू शिकव.”

घसरता क्लच तापला की आणखी घसरतो, म्हणून पहिलं काम थांबणं. मी पाऊण तास थांबले. मग वर न जाता मागे फिरले. चढाचे बरेच किलोमीटर पुढे होते, उताराचे थोडेच मागे. उतरतानाही सांभाळायला लागतं, कारण इंजिनाचा ब्रेक याच क्लचमधून चाकांपर्यंत येतो. तो नेहमीइतका भरवशाचा राहत नाही. खालचा गिअर ठेवावा, थांबून थांबून ब्रेक वापरावा, न्यूट्रलमध्ये कधीच सोडू नये. सपाटीवर आल्यावर ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पाय ठेवून, खालच्या गिअरमध्ये, शक्यतो न थांबता जावं. क्लचला सगळ्यात जास्त त्रास उभी गाडी उचलताना होतो. दोघी बहिणींना आणि फणसांना मी पोफळीतून एसटीनं पाठवलं. त्यावरून अजून ऐकून घेते.

केबलच तुटली तर? रिकाम्या सपाट रस्त्यावर इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाका आणि स्टार्टर मारा. जुनी गाडी हिसका देऊन चालू होते, तशीच पहिल्यावर रखडत कडेला किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत नेता येते. थांबायचं झालं तर ब्रेक दाबून न्यूट्रल करायचं. गर्दीत हे करायला जाऊ नका, टोइंग बोलवा.

या वेळी काम त्या विद्यार्थ्याकडेच दिलं आणि स्टूल घेऊन समोर बसले. “बाई, तुम्ही बसल्यात की मला परीक्षेसारखं वाटतं,” म्हणाला, पण बसू दिलं. तुम्हीही बसा, किंवा निदान गिअरबॉक्स खाली आल्यावर फोन करायला सांगा. मजुरी सगळी गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचीच असते, त्यामुळे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलायचे. शंभर-दोनशे वाचवून जुनं बेअरिंग ठेवलं आणि ते सहा महिन्यांनी चिरचिरलं, तर तीच मजुरी पुन्हा. फ्लायव्हील उघडं पडलं की त्यावर निळे डाग, बारीक भेगा किंवा रिव्हेटनं पाडलेल्या चऱ्या आहेत का ते स्वतः बघा. निळसर डाग थोडे असतील तर पॉलिश पेपरनं भागतं. चऱ्या असतील तर लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्यावा लागतो. भेगा असतील तर बदली. माझ्या प्लेटचे रिव्हेट नुकते टेकायला लागले होते. आणखी पंधरा दिवस चालवली असती तर फ्लायव्हील गेलं असतं.

क्लचच्या घरातली काळी धूळ हवेच्या प्रेशरनं उडवू देऊ नका, ओल्या फडक्यानं पुसायला सांगा. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असायचं. ते फुप्फुसात जायला नको, मेस्त्रीच्याही नको. मागचं ऑइल सील त्याच बैठकीत बदलून घ्या. नवी प्लेट डमी शाफ्ट घालून बरोबर मध्यावर बसवली का, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले का, एवढं बघितलं तरी पुरे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चाकांकडे जाणारे शाफ्ट काढताना गिअरबॉक्सचं तेल निघतं, ते परत भरल्याचं डोळ्यांनी पाहून घ्या.

माझं बिल असं झालं: क्लच सेट 3,100, केबल 380, ऑइल सील 250, गिअरचं तेल 700, मजुरी 2,000. एकूण 6,430 रुपये. गाडी सकाळी दिली, संध्याकाळी मिळाली. सेट नावाजलेल्या कंपनीचाच आणि पक्क्या बिलावर घ्या. हुबेहूब खोक्यातले नकली सेट बाजारात असतात.

नवीन प्लेटला पहिले चारपाचशे किलोमीटर जपावं लागतं. अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांना अजून नीट बसलेले नसतात. तेवढ्यात घाट नको, ओढून नेणं नको, सिग्नलला रेस देऊन उडी नको. चढावर थांबताना गाडी क्लचवर तोलून धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा; हे नंतरही. मी पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पट्टी लावली. बसवताना 20 मिलिमीटर होतं, आता 17 भरलं. नट एक फेरा ढिला केला, वहीत तारीख टाकली आणि मग कराडला फोन करून सांगितलं, रविवारी येते, फणस या वेळी आणत नाही.